दाराखालची फट

धूर वाकला. इतका वेळ सरळ वर जाणारा उदबत्तीचा धूर खिडकीच्या चौकटीजवळ येताच आडवा होऊन खोलीत पसरला, आणि उज्वलाला मनापासून बरं वाटलं — ही बघ फट, महेश, तूच पसंत केलेल्या सरकत्या खिडकीची! ‘खोली गार कशी राहील, तू सारखं दार उघडतेस’... सकाळी डबा उचलता उचलता किती सहज म्हणाला. वर रबरी पट्टीचं वेटोळं टेबलावर टाकून गेला. म्हणजे फटी हिनेच शोधायच्या, घरून ऑफिसचं काम सांभाळून हिनेच बुजवायच्या, आणि संध्याकाळी त्याने पलंगावर आडवं होऊन वीज कशी वाचवावी ते सांगायचं.

नाशिकला एसी कशाला, म्हणणारी माणसं आता कुठे गेली कोण जाणे. पाथर्डी फाट्यावरच्या या फ्लॅटच्या भिंती दुपारी तव्यासारख्या तापतात, आणि थंडावा काय तो या एका खोलीत. तिने पट्टीचा कागद सोलला, चौकटीला पट्टी दाबली, अंगठ्याने करकचून दाबली.

उदबत्ती देवघरातली. घेताना सासूबाईंनी, कुसाबाईंनी, टोकलंच होतं.

“देवाची उदबत्ती खिडकीला ओवाळती का गं?”

“हो. धूर हलला की फट कळते.”

“बरं. पण इझवताना तोंडानं फुंकू नको.”

प्रत्येक गोष्टीत एक ‘पण’! दिवाळीनंतर चांदवडहून राहायला आल्या तेव्हापासून हे असंच. तेही चाललं असतं... पण ती सतरंजी. अख्खा हॉल मोकळा पडलेला असताना बाईंची दुपारची सतरंजी बरोबर या बंद दाराला लागून. उज्वला पाण्याला म्हणून बाहेर आली की कडीच्या आवाजासरशी धडपडत उठायचं, पदर सावरायचा, चोरी पकडल्यासारखं भलतीकडे बघायचं. शेवटी परवा बहिणीशी, रूपालीशी, फोनवर बोलताना तिने मुद्दाम आवाज चढवला होता — ‘दाराला कान लावून बसते गं म्हातारी, एकूण एक शब्द ऐकते!’ ऐकू दे, एकदाची लाज वाटू दे. तर दुसऱ्या दिवशी सतरंजी पुन्हा तिथेच. कोडगेपणा तरी किती!

आता दार. ती गुडघ्यांवर बसली. वरच्या बाजूला धूर जेमतेम हलला. खाली मात्र, फरशीजवळ, तो ओढल्यासारखा वाकला आणि फटीतून सरळ बाहेर निघून गेला. चांगली बोटभर फट. सगळा थंडावा इथून जातो तर... तिने हात लावून पाहिला. गार झोत बोटांवरून पलीकडे चालला होता. पलीकडे, म्हणजे...

तिने कडी आवाज न करता काढली, दार किलकिलं केलं.

कुसाबाई झोपल्या होत्या. पण डोकं तिकडे, सोफ्याजवळ होतं. दाराकडे होते ते पाय. भेगाळलेले, साखरेच्या आजाराने सुजलेले तळवे, जिथे फट होती नेमके तिथे.

तिने दार सताड उघडल्याबरोबर त्या उठल्या. पदर सावरला. उज्वलाच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

“कान नाय गं लावत मी,” त्या म्हणाल्या. “पाय लावते. तळपायांची लय आग व्हते दुपारची. इथं गार लागतं जरा.” मग सतरंजीची घडी घालू लागल्या. “लाव तू पट्टी. वीज वाचंल.”

उज्वलाला संताप आला. आधीपेक्षा जास्त. बोलायला काय झालं होतं या बाईला? शिव्या तरी द्यायच्या! सगळं ऐकून पुन्हा तिथेच पाय पसरायचे, आणि वर पट्टी लाव म्हणायचं... आणि महेश? आईचे पाय त्याला दिसले नाहीत, दाराची फट दिसली. आणि आपल्याला? ‘आत या’ एवढंच म्हणायचं होतं. पण आज ते म्हटलं की इतके दिवस का नाही म्हटलं, ते आलंच. अंगठ्याला चिकटलेली पट्टी तिने ओढली, ती दुसऱ्या बोटांना चिकटली.

उदबत्ती जळत चिमटीपर्यंत आली होती. खोलीतली गार हवा आता सताड उघड्या दारातून हॉलमध्ये चालली होती, कुसाबाईंच्या पायांवरून, अर्धवट घडीच्या सतरंजीवरून. उज्वला उंबऱ्यातच बसून राहिली. जाऊ दे, ती महेशला मनातल्या मनात म्हणाली, सगळी जाऊ दे... हो, मीच उघडलंय दार.