सतरावे उत्तर

मित्रांनो, मला ना शाई लागली, ना पुठ्ठ्याचे कव्हर मिळाले, तरीही मी जुने झाले आहे. संगणकाच्या एका भाषेविषयी लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, ते उत्तरांसह ज्या पानावर मांडलेले असतात, ते पान म्हणजे मी.

माझा जन्म वैतागातून झाला. ही भाषा एका भावाने घराच्या मागच्या खोलीत बसून तयार केली. लोक ती वापरू लागले, तशी पत्रे येऊ लागली. दहांतली आठ पत्रे तेच ते विचारायची. भाऊ चिडून एका ओळीत उत्तर ठोकून द्यायचा. त्याची थोरली बहीण छापखान्यात मुद्रिते तपासायची. तिने एकदा ती उत्तरे वाचली.

"अरे, हा माणूस विचारतोय काय आणि तू सांगतोयस काय?"

"ताई, शंभरदा तेच तेच कोण सांगणार?"

"मग एकदाच नीट सांग. मी लिहून घेते."

ताईला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. त्यामुळे स्वतःला समजेपर्यंत ती भावाचा पिच्छा सोडत नसे. माझे शब्द सोपे झाले ते त्यामुळेच. सुरुवातीच्या बारा प्रश्नांचे साठ झाले. लोक माझे नाव काढू लागले. मला मात्र एक कुतूहल सतत छळायचे: माझ्याकडून नेलेल्या उत्तराचे पुढे होते तरी काय?

मग ताईचे छापखान्यातले काम वाढले. भाऊ भाषेत बदल करण्यात रमला. तीन वर्षे माझ्यातला एक स्वल्पविरामही जागचा हलला नाही.

एके दिवशी ताईला एका परिचारिकेचे पत्र आले. ती फावल्या वेळात आपली आपण प्रोग्रॅम लिहायला शिकली होती. बाळांना लस कधी टोचायची, ती तारीख घरी कळवणारा प्रोग्रॅम तिने दवाखान्यासाठी लिहिला होता. त्यासाठी तिने माझे सतरावे उत्तर वाचले होते: 'ही भाषा जानेवारीला शून्य मानते. म्हणून महिना दाखवताना एक मिळवा.' पण भावाने भाषा केव्हाच बदलली होती. जानेवारी आता एक झाला होता. मी मात्र अजून 'एक मिळवा' म्हणतच होते!

एका आईला शंका आली. "थोरलीला तर एवढ्या उशिरा बोलावलं नव्हतं तुम्ही," ती म्हणाली. परिचारिकेने नोंदवही उघडली. एकोणीस बाळांची तारीख महिनाभर पुढे गेली होती. तिने एकेका घरी फोन केला, सगळ्यांना वेळेत बोलावून घेतले आणि मग पत्र लिहिले. 'तुमच्या पानावर होतं तसंच मी केलं. माझं काही चुकलं का?'

ताईने पत्र मोठ्याने वाचले.

"नव्या बदलांची यादी वाचायला हवी होती त्यांनी," भाऊ पुटपुटला.

"त्यांनी माझ्या वाक्यावर विश्वास ठेवला रे," ताई म्हणाली. "चल, पहिल्यापासून सुरुवात कर. एकेक उत्तर माझ्यासमोर चालवून दाखव."

चार रविवार दोघे त्या खोलीतून हलले नाहीत. साठांतली अकरा उत्तरे चुकीची निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण ती दुरुस्त झाली आणि प्रत्येक उत्तराखाली तपासल्याची तारीख आली, तसे मला हायसे वाटले.

'चूक आमचीच होती,' असे ताईने परिचारिकेला कळवले. उलट टपाली नवा प्रश्न आला: 'यादीत दोनशेच्या वर बाळं गेली की प्रोग्रॅम क्षणभर थबकतो. दोनशेलाच का?'

भावाने डोके खाजवले. "काही कळत नाही बुवा. हा प्रश्न घालूच नकोस. लोक काय म्हणतील?"

ताईने तो घातला. खाली लिहिले, 'माहीत नाही. शोधत आहोत.' आणि त्यालाही तारीख टाकली.

माझ्यातले हे सर्वांत छोटे उत्तर. ते वाचून रोज कोणी ना कोणी आपला अनुभव कळवते, आणि भाऊ खुर्ची पुढे ओढून वाचत बसतो.

मित्रांनो, एखाद्या पानावर चूक दिसली, तर मुकाट्याने पुढे जाऊ नका. दोन ओळी लिहून कळवा. आम्हा पानांना स्वतःला वाचता येत नाही.