मुकादमाचा शब्द

चिमट्यात मेलेला उंदीर धरून बंदेनवाज बहिणीच्या न्हाणीत उभा होता आणि बहीण, मदिनाबी, दार अडवून उभी होती. आतल्या खोलीत तिची लेक साबेरा. बाळंत होऊन जेमतेम पाच दिवस झालेले.

बंदेनवाज म्युनिसिपालटीच्या प्लेग खात्यात मुकादम. उंदीर पडला की ते घर आणि दोन्ही बाजूंची घरं रिकामी करायची, कौलं उतरवायची, माणसं गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायची. भीडभाड? नाव नको. खुद्द साहेबाच्या सासऱ्याची वळकटी त्यानं गाडीत टाकली होती. लोक शिव्या घालत, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत.

“भाई, झोपडी में लेके गये तो मेरी बच्ची मर जाती,” मदिनाबी एवढंच म्हणाली.

साबेराला त्यानंच अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यानं उंदीर फडक्यात गुंडाळला, लांब नेऊन घासलेट ओतून जाळला. दुसऱ्या दिवशी तिघांना गुपचूप आपल्या घरी आणलं.

राहिली मदिनाबीच्या भिंतीला भिंत लागून राहणारी गुरम्मा आणि तिची नऊ वर्षांची चंद्रव्वा. त्यांना सांगावं असं त्याला दहादा वाटलं. पण सांगितलं की बोभाटा होणार, आणि साहेब बाळंतिणीला हुडकून झोपडीत घालणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठवडा गेला. मग चंद्रव्वाच्या काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी पोर गेली.

कळलं तेव्हा साबेराचं तान्हं त्याच्या मांडीवर होतं. पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा हेच करू, हे त्याला उमगलं आणि स्वतःची शिसारी आली.

गुरम्माचं घर रिकामं करायला त्यालाच जावं लागलं. माती देऊन आलेली गुरम्मा जोत्यावर बसलेली, आणि भोवती जमलेल्या बाया तिलाच बोल लावत होत्या. घर सोडावं लागेल म्हणून हिनं उंदीर लपवला आणि पोर घालवली, असं त्यांचं म्हणणं.

“मुकादम, तुमीच सांगा यास्नी,” गुरम्मा म्हणाली. “मी लपवला आसंल व्हय?”

सगळ्या त्याच्याकडं बघू लागल्या.

“न्हाय,” तो म्हणाला. “हिनं न्हाय लपवला.”

बाया बाजूला झाल्या. मग कुणी लपवला, हे एकीनंही विचारलं नाही.

गुरम्मा उठली, खाली वाकली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला पाय मागंसुद्धा घेता आले नाहीत.