पार्जिनेम की सुकेस्ती

वर्षभरात पाक मार्तोनोंचं एकदाही चुकलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सत्तरी उलटलेल्या माणसाचं वर्षभर काहीच चुकू नये, हे काही खरं नव्हे.

जावा बेटावरच्या सोलो शहरात बू विनार्नींच्या ओसरीवर दर पाच आठवड्यांनी, जावानी पाच वारांतला पोन ज्या रविवारी येई त्या सकाळी, गामेलान वाद्यवृंदाच्या जुन्या कॅसेट ऐकणारी मंडळी जमत. तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. प्रत्येकाने घरून एक कॅसेट आणायची, कुठली ते सांगायचं नाही. मोठ्या घंटेचा ठोका पडून आवर्तन पुरं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग ओळखायचं: गाणारी कोण, रेबाबचा गज कुणाच्या हातात, वाद्यांचा संच कुठल्या घरचा. प्रत्येक संचाचा सूर निराळा, त्यामुळे मुरलेला कान घर चटकन ओळखतो. मार्तोनोंचा कान तसा होता. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी ऐकण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं, आणि त्याआधीही फारसं केलं नव्हतं, असं त्यांची बायको म्हणे.

पण गेल्या वर्षापासून तीच बायको जेवायला हाका मारून मारून थकू लागली होती. पिंजऱ्यातला होला घुमायचा बंद झाला म्हणून मार्तोनोंनी त्याला तीन तऱ्हेचा दाणा घालून पाहिला. होला घुमतच होता. मुलीने कानात घालायचं यंत्र आणून दिलं; ते घातलं की गामेलान ऐकताना कुणीतरी मोरीत भांडी आपटतंय असं वाटे. यंत्र कपाटात गेलं. घंटा, ढोल, खर्जातलं सगळं त्यांना अजून छान ऐकू येई. वरचं मात्र विरलं होतं. तरीही रविवारी ते जे नाव घेत ते बरोबरच निघे.

आणि गियार्तो भांडेनासे झाले होते. हे सगळ्यात वाईट.

गियार्तो बाटिकचे व्यापारी, मार्तोनोंचे शाळेपासूनचे सोबती. त्यांची थोरली बहीण सुकेस्ती रेडिओवर गायची. त्याच काळात पार्जिनेमही गायची. दोघींत सरस कोण यावरून हे दोघे चाळीस वर्षं हमरीतुमरीवर येत होते. मार्तोनो पार्जिनेमच्या बाजूचे. एकदा तर गियार्तो अर्धा चहा टाकून, रागाच्या भरात बू विनार्नींच्या चपला घालून घरी गेले होते. तो माणूस आता मान तुकवून म्हणे, "हो, बरोबर आहे तुमचं." तुमचं! ज्याने शाळेत यांच्या पाटीवर थुंकून अक्षरं पुसली, तो यांना अहो-जाहो करत होता.

म्हणून त्या रविवारी मार्तोनोंनी घरून एक जुनी कॅसेट मुद्दाम उचलली. तरुणपणी त्यांनी स्वतःच रेडिओवरून भरलेली होती. गाणारी सुकेस्ती, यात तिळमात्र शंका नव्हती. हे ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाकडे असण्याचं कारणही नव्हतं.

चहा झाला, केळीच्या पानात उकडलेली गोड नागासारी खाऊन झाली, आणि बू विनार्नींनी टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. मार्तोनो गाण्याकडे नाही, गियार्तोंकडे बघत होते. आवाज सुरू झाला तसे गियार्तो खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या हातातलं केळीचं पान तसंच राहिलं. ओठ हलू लागले. घंटेचा ठोका पडला. गियार्तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मार्तोनो म्हणाले, "पार्जिनेम! काय गळा होता! ओळखलीस ना, गियार्तो?"

गियार्तोंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातल्या पानाची बारीक घडी घातली.

"हो," ते म्हणाले. "पार्जिनेमच."

"पार्जिनेमच, दुसरी कोण असणार?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. बू विनार्नी रिकाम्या कपातला चहा पिऊ लागल्या.

मार्तोनोंना वाटलं होतं, चोर पकडला की बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही. स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या पोटी राग आला.

"ही सुकेस्ती आहे," ते म्हणाले. "तुझी सख्खी बहीण. मीच भरून घेतलेली."

"माहीत आहे."

"मग पार्जिनेम कसं म्हणालास?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"उद्या मी म्हणेन मेरापी डोंगर समुद्रात आहे. तेव्हाही हो म्हणशील?"

"तुमच्या तोंडावर? म्हणेन की."

"अहो, वाईट दिसतं ते," बू विनार्नी मध्ये पडल्या. "मोठ्या माणसाला चारचौघांत चुकलात म्हणून कसं सांगायचं? पहिल्यांदा तुम्ही चुकलात तेव्हा आम्ही गप्प बसलो. मग गप्प बसायची सवयच झाली."

"किती वेळा चुकलो?"

"कोण मोजतंय!" बू विनार्नी म्हणाल्या, आणि सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं. त्यावरून काय ते कळलं.

"आता माझं उत्तर द्या," गियार्तो म्हणाले. "आज तिला कानाने ओळखलंत, की टेप तुमची म्हणून?"

कानाने, असं म्हणून टाकणं सोपं होतं. त्या ओसरीवर कुणी हूं की चूं केलं नसतं.

"टेप माझी म्हणून," मार्तोनो म्हणाले. "बायकांचे आवाज मला आता चिंध्या होऊन येतात. कोण आहे ते कळत नाही. मी अंदाजाने नावं घेतो."

गियार्तो टेपरेकॉर्डरमधल्या थांबलेल्या कॅसेटकडे बघत होते.

"ही मी कधी ऐकली नव्हती," ते हळूच म्हणाले. बोललेलं मार्तोनोंपर्यंत पोचलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "सहा वर्षं झाली तिला जाऊन. मला वाटलं होतं, तिचं होतं नव्हतं ते सगळं ऐकून संपलं. एक विचारू? कान धड होते तेव्हा खरंच तुम्हाला पार्जिनेम सरस वाटायची? की मला डिवचायला म्हणायचात?"

बू विनार्नी मार्तोनोंकडे डोळे मोठे करून बघू लागल्या. डिवचायलाच, म्हणा ना. एवढं एक म्हणा. मार्तोनोंनाही तेच म्हणावंसं वाटलं. मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला तेवढं पुरलं असतं. पण मग वर्षभर या लोकांनी आपल्याला जे गोड पाजलं, तेच आपणही त्याला पाजायचं?

"खरंच वाटायची," ते म्हणाले. "आजही वाटते. सुकेस्तीचा गळा गोड, पण वरच्या सुरावर ती घाई करायची."

गियार्तोंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"घाई?" ते उठून उभे राहिले. "घाई करायची? अरे बहिऱ्या! ठार बहिऱ्या! बायकोची हाक ऐकू येत नाही तुला, आणि माझ्या बहिणीची घाई ऐकू येते?"

बू विनार्नींनी तोंडावर हात ठेवला. तो शब्द वर्षभर त्या ओसरीवर कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरसुद्धा "वयोमानाने थोडं कमी" एवढंच म्हणाले होते.

"बाकीच्यांना फसव, मला नको!" गियार्तोंनी मार्तोनोंची खुर्ची त्यांच्यासकट ओढत टेपरेकॉर्डरशी नेली, कॅसेट मागे फिरवली, आवाज होता तेवढा चढवला. "लाव तो तुझा बटाट्याएवढा कान इथे! आणि दाखव घाई! दाखव कुठे आहे ती! नाही दाखवलीस तर ही कॅसेट मी घरी नेणार, आणि मेलास तरी परत देणार नाही!"

मार्तोनोंनी स्पीकरच्या जाळीला कान टेकवला. डोळे भरून आले होते ते त्यांनी पुसले नाहीत.

"नेशील ती ने," ते म्हणाले. "पण जरा मोठ्याने बोल. अर्ध्या शिव्या मला ऐकू आल्या नाहीत."