उलट्या खिशाचा कोट

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि ते पत्र चार वर्षं माझ्याजवळ होतं. मी एक जुना कोट आहे. राखाडी, लोकरी, कोपरांवर थोडा विरलेला. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला अजून खात्री नाही. पण पत्र माझ्याच आतल्या खिशात होतं, तेव्हा दुसरं कोण सांगणार?

मला शिवलं माझ्या मालकांच्या, म्हणजे आजोबांच्या, थोरल्या भावाने. हे दादा शिंपी, आणि डावखुरे. धाकटा भाऊ ग्रंथपाल झाला, म्हणून त्यांनी कौतुकाने मला बेतलं. सगळं झकास जमलं, फक्त आतला खिसा त्यांनी स्वतःच्या हाताच्या सवयीने उजव्या बाजूला लावला. आजोबा उजव्या हाताचे. त्यांना डावा हात घालून चाचपडावं लागे. तीस वर्षं ग्रंथालयात ते असेच चाचपडले, पण भावाला एका शब्दाने बोलले नाहीत.

कोणीतरी ते दादांच्या कानावर घातलं. मग चार वर्षांपूर्वी त्यांचं पत्र आलं. “धाकट्या, खिसा उलटा लागला का रे? खरं कळव. उसवून पुन्हा लावीन.”

आजोबांनी ‘खिसा उत्तम आहे’ असं लिहिलं आणि फाडलं. ‘खिसा चुकला आहे’ असं लिहिलं, तेही फाडलं. फोनवर दोघे हवापाण्याचं बोलत. खिशाचं नाव कोणीच काढत नसे. पुढे कळलं, की दादांनी नवे कोट शिवायला घेणं बंद केलं. आता ते फक्त उशांचे अभ्रे शिवतात. “माझा हात बिघडलाय, धाकटा सांगत नाही एवढंच,” असं ते म्हणतात म्हणे. ते ऐकल्यापासून आजोबा मला अंगावरून उतरवेनासे झाले.

यंदा मुलगा आणि सून त्यांना परदेशात फिरायला घेऊन गेले. एका दुपारी आम्ही स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाचे जाड तुकडे, मिळणाऱ्या हॉटेलात जेवायला गेलो. बाक भिंतीला जोडलेला, टेबल जमिनीत रोवलेलं. आजोबांना कोपऱ्यात बसवलं. शेजारी नात, मग सून, टोकाला मुलगा. समोर उघडी भट्टी. मी आजोबांची पाठ आणि भिंत यांच्यात असा चेपलो, की माझं अस्तर घामाने चिकटलं.

“बाबा, कोट काढा ना, शिजून निघाल,” सून म्हणाली.

“असू दे, असू दे.”

ताटल्या आल्या. आजोबांनी सुरी फिरवली, तर मांस आतून लालभडक. पूर्ण भाजलेलं मागितलं होतं. त्यांनी तो तुकडा बटाट्याखाली सरकवला. उठून जावं, तर तिघांना उठवावं लागणार. बोलावं, तर सगळं हॉटेल बघणार. त्यांचं काळीज धडधडत होतं; माझ्या बटणांना ते जाणवत होतं.

आचारी टेबलापाशी आला. जाडजूड माणूस, कानावर पेन. त्याने काहीतरी विचारलं.

“कसं झालंय विचारतोय,” मुलगा म्हणाला.

“छान! उत्तम!” आजोबा म्हणाले.

“आजोबा, खोटारडे!” नात ओरडली. “बटाट्याखाली काय लपवलंय?” आणि तिने सरळ बटाटा उचलून दाखवला.

“अगं, काय हे! गप्प बस,” सून पुटपुटली.

आचारी वाकून बघत राहिला. मग ताटली उचलून बरंच काही बोलला. नातीने ते मराठीत सांगितलं. “तो म्हणतो, सकाळपासून ही भट्टी नीट तापत नाहीये असं त्याला वाटतंय. सगळ्यांना विचारतोय, सगळे छान छान म्हणतात. आता मला वेड लागायचं बाकी होतं, म्हणतो.”

आजोबांचा डावा हात माझ्या आत शिरला, चाचपडला, आणि पत्रापाशी थांबला.

“त्याला म्हणावं, पेन दे जरा,” ते म्हणाले. काउंटरवर हॉटेलच्या चित्राची पोस्टकार्डं होती, त्यातलं एक मुलाने आणून दिलं. टपालाचं तिकीटही तिथेच मिळालं. ताटली परत येईपर्यंत त्यांनी लिहिलं. “दादा, खिसा उलटाच आहे. चार वर्षं सांगायला धीर झाला नाही. बाकी तीस वर्षांत एक टाका सुटलेला नाही, हेही तितकंच खरं. परतलो की कोट घेऊन येतो. खिसा तूच लाव.” पत्रावरचा पत्ता त्यांनी दोनदा पडताळून पाहिला.

“द्या बाबा, मी टाकतो,” मुलगा म्हणाला.

“नको. उठा सगळे. मला बाहेर येऊ द्या.”

एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तिघेही मुकाट उठले.

मित्रांनो, आम्हा कपड्यांना ब्रश करा, कसर लागू देऊ नका, हे तर आहेच. पण ज्याने आपल्यासाठी काही केलं आणि ‘कसं झालंय?’ असं विचारलं, त्याला ताटकळत ठेवू नका. तो मनातल्या मनात झिजतो.

रस्त्यापलीकडे टपालपेटी होती. आजोबांनी कार्ड फटीत अर्धं सरकवलं, क्षणभर धरून ठेवलं, आणि सोडलं.