आत्याच्या तोंडचं नाव

सव्वा महिन्याची पोर पाळण्यात गाढ झोपली होती, आणि घरातल्या बाकी सगळ्यांची झोप तिच्या नावानं उडवली होती.

दगडाबाई सकाळपासून चुलीपुढं बसून घुगऱ्या शिजवत होती. तिचं एक लक्ष पातेल्यात होतं, दुसरं अंगणातल्या मांडवात. कोण आलं, कोण यायचं राहिलं, कुणाला खुर्ची मिळाली आणि कुणाला सतरंजी, कुणाचा चहा बशीसकट गेला आणि कुणाचा नुसता कप, हे सगळं ती डोक्यात टिपून ठेवत होती. माणूस मेलेलं विसरतं, जेवलेलं विसरतं, पण मानपानात राहिलेली कसर विसरलेलं माणूस तिला अख्ख्या तालुक्यात अजून भेटायचं होतं. तिची जाऊ गीताबाई एका लग्नात कुंकू लावायचं राहून गेलं म्हणून अजून तिच्या घरचं पाणी प्यायची ते तोंड वाकडं करूनच.

आज मात्र तिच्या डोक्यात फिरून फिरून एकच नाव येत होतं. बायडा, तिची लेक. ऊसतोडीवरून, पार सांगलीच्या पलीकडून, मुकादमाच्या हातापाया पडून आजच्या दिवसापुरती आली होती. रात्रभर एसटीत उभी होती म्हणे. बाप गेल्यावर वाटणीचा कागद झाला, तेव्हा बायडानं 'कुठं करू सही?' एवढंच विचारलं होतं. भावाला, लखनला, रान मिळालं. बायडाला माहेर मिळालं. माहेर म्हणजे काय, तर सणावाराला येणं-जाणं, आणि भावाला लेकरू झालं की आत्या म्हणून त्याच्या कानात नाव सांगणं. या घरात तिच्या हक्काचं एवढंच उरलं होतं, आणि तो हक्क बजावायचा दिवस आज उजाडला होता.

अडचण नावात होती. सुनेनं नाव काढलं होतं शर्वाणी.

गावानं त्या नावाचं जे करायचं ते दोन दिवसांत करून टाकलं होतं. कुणी सरवानी म्हणे, कुणी सरोनी. शेजारच्या तात्याबांनी शेरवानी म्हणून बघितलं आणि नवरदेव कोण ते विचारलं. दगडाबाई त्या भानगडीत पडलीच नव्हती. सुनेचं स्वतःचं नाव प्रियदर्शनी; तेही तोंडात मावेना म्हणून तिनं पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' धरलं होतं. दगडाबाईच्या स्वतःच्या नावाला मात्र कधी कुठल्या जिभेनं धक्का लावला नव्हता. तीन भावंडं गेल्यावर जगावी म्हणून आईबापांनी तिला दगडा केलं. नावाला धक्का लागला नाही. बाकी सगळ्याला लागला.

"आई, एक सांगायचं होतं." प्रियदर्शनी दारात उभी होती. बाळंतपणानं तोंड उतरलेलं, अंगावर नवी पैठणी.

"सांग की."

"कानात नाव बायडाताईच सांगतील. तो मान त्यांचाच आहे. फक्त माईकवर सत्यशीला सांगेल."

सत्यशीला म्हणजे सुनेची चुलत बहीण. पुण्यात शाळेत शिकवायची, आणि कुठं कार्यक्रम असला की माईक हातात घेऊन गोड बोलायची. सकाळपासून ती मांडवात फोन लावायच्या स्टँडशी झटत होती.

"कावून?" दगडाबाईनं विचारलं.

"व्हिडिओ सगळीकडं जाणार आहे. पुण्यात ह्यांच्या कंपनीत, माझ्या हॉस्पिटलात."

"मग बायडा व्हिडिओत दिसली तर काय हुतं?"

"दिसू दे ना. दिसण्याचं काही नाही." सून खाली बसली. "मी उमापूरची, आई. अंबाजोगाईला नर्सिंग केलं, तिथं कुणी काही म्हणालं नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात एका पेशंटला 'पानी पाहिजे का' विचारलं, तर त्याच्या बायकोनं शेजारणीकडं बघून डोळा मारला. तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी मी शब्द तपासते. ड्युटी संपते, ते संपत नाही. पोरीच्या वाट्याला ते यायला नको. निदान तिचं नाव तरी पहिल्या दिवशी नीट घेतलं जाऊ दे."

सून बोलायची तेव्हा 'ण' जवळ आला की नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवावा तशी जीभ ठेवायची, हे दगडाबाईनं लग्नातच हेरलं होतं. त्यामागं एवढी दमणूक असेल हे तिला आज कळलं.

"मग सोपं नाव ठिवायचं होतं."

"सोप्या नावाच्या बायकांचं काय झालं ते बघितलंच की आपण," सून म्हणाली, आणि लगेच खाली बघू लागली. "तुम्ही सांगाल ना ताईंना?"

दगडाबाईनं घुगऱ्या उतरवल्या. ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत आली होती. सासूचं नवऱ्याला, नवऱ्याचं दिराला, जावेचं सासूला. निरोप दुसऱ्याचा, आणि तो ऐकून वाकडं होणारं तोंड बघायचं तिनं. लखन तर लहानपणापासून असल्या वेळी गायब. आत्तासुद्धा तो मांडवाच्या एका खांबाला, जो पडणार नव्हता, दोरी बांधत होता.

बायडा घरामागं टाकीपाशी होती. वाळत घातलेली दुपटी गोळा करत ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत होती.

"सर... श... शर-वा-नी. थांब. णी. सर-वा-णी. हात् तिच्या!" आईला बघून ती हसली. तिच्या हातांवर उसाच्या पाचटानं ओरखडे उठले होते. "माय, एक धरलं की दुसरं निसटतंय बघ. पर यील. आख्ख्या टोळीनं पाठ केलंय. मोळी बांधता बांधता एकीनं म्हणायचं, दुसरीनं चूक काढायची. कौशल्याबाईला पार बिनचूक येतंय. पर तिचा काय उपेग, ती आत्या न्हाई."

दगडाबाईला हसू आलं आणि तिथंच विझलं. तिनं दुपट्याची एक घडी घातली, ती मोडून परत घातली.

"बायडे, ते माईकवर बोलायची आता नवी पद्धत हाय म्हणं. कानात आत्यानं सांगायचं, आन माईकवर दुसऱ्या कुणीतरी."

"कुठली पद्धत?"

"पुण्याकडची."

बायडानं आईकडं नीट बघितलं. दगडाबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही; पोटच्या पोरीपुढं ते टिकत नव्हतं.

"माझं तोंड नको व्हय त्यांना?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं? कानात चुकलं तर कुणाला ऐकू जात न्हाई, म्हणून कान माझा. माईकवर चुकलं तर लोक ऐकतील, म्हणून माईक तिचा. असंच ना?" बायडाचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "रानाच्या टायमाला माझी सही चालली. तवा कुणी म्हणलं न्हाई, बायडीला नीट लिहिता येत न्हाई म्हणून."

तिनं उरलेली दुपटी आईच्या हातात दिली, मागच्या दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि चपला शोधू लागली. दुपारची गाडी तिला अजून मिळाली असती. ती गेली असती तर कुणाच्या तोंडाला न लागता गेली असती, आणि पुन्हा आली नसती. लखननं कितीही फोन केले तरी 'हंगाम चालू हाय' म्हणाली असती. लेकीचा स्वभाव दगडाबाईला पाठ होता. तो तिचाच होता.

दगडाबाई आत आली. सून पाळण्याला फुलं बांधत होती.

"बायडा चालली."

"कुठं?" प्रियदर्शनीच्या हातातली शेवंती तशीच राहिली. "मला त्यांना घालवायचं नव्हतं हो."

"मग जा, तसं तू सांग तिला. माईक देयाचा का न्हाई, ते बी तूच सांग. मी न्हाई जायची आता. लोकांचे निरोप वाहून वाहून माझे पाय गेले." दगडाबाई पाळण्याशेजारी बसली ती बसलीच. तिला राग आला नव्हता. तिच्यात काही उरलं नव्हतं.

सून शेवंती खाली ठेवून वळली. मग पैठणीच्या निऱ्या हातात धरून मागच्या दारानं बाहेर गेली.

दार उघडंच होतं. दगडाबाईला दोघी अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या ऐकू येत होत्या. सुरुवातीला सूनबाई हॉस्पिटलातल्यासारखी बोलली, नीट, एकेक शब्द वेगळा ठेवून. बायडानं चप्पल घातली. मग सुनेचा आवाज बदलला.

"ताई, मी लई दमले हो."

"मी काय झोपा काढून आले का?" बायडा म्हणाली. "रात्रभर दांडा धरून उभी हुते. गाडीत बी तेच म्हणत हुते. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, मी जप करायले."

मांडवात तात्याबा माईकमध्ये फुंकर मारत होते, "हालो, हालो," आणि कुणीतरी त्यांना, "तात्या, पोरीचं बारसं हाय, प्रचार न्हाई!" म्हणून ओरडत होतं.

"माईकवर तुमीच सांगा," सून म्हणाली.

"आन चुकलं तर?"

दगडाबाईनं दाराकडं कान दिला. आता सून काहीतरी गोड बोलली असती, तुमच्या तोंडून चुकलेलंसुद्धा गोड लागेल वगैरे, तर बायडा थांबली नसती.

"चुकलं तर मला आवडणार न्हाई," सून म्हणाली. "पर मी काही बोलणार न्हाई."

बायडानं पिशवी खाली ठेवली. मग बराच वेळ दारातून वेगळंच काही दिसत राहिलं. सून तोंड उघडून जीभ टाळूला लावून दाखवत होती, आणि बायडा डॉक्टरपुढं बसल्यासारखी आपली जीभ बाहेर काढून विचारत होती, "आशी? आन आता ही कुठं ठिवू?"

बारसं उशिरा सुरू झालं. बायका पाळण्याभोवती जमल्या. बायडा पोरीवर वाकली, आणि रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे सुरू झाले. आत्यानं कानात कुर्र करावं आणि बायकांनी तिची पाठ शेकावी. यात हौस किती आणि मागचं उट्टं किती, हे दगडाबाई आवाजावरून सांगू शकत होती. गीताबाईचे धपाटे तर थेट त्या लग्नातल्या कुंकवाचे होते. बायडा मात्र हलली नाही. ती कानाशी इतका वेळ राहिली की मागच्या बाया म्हणाल्या, "अगं, नाव सांगतीस का पोथी?"

मग माईक आला. सत्यशीलानं तो पुढं केला, पण सोडला नाही. प्रियदर्शनीनं तो तिच्या हातातून काढून नणंदेला दिला.

बायडानं घसा साफ केला, जीभ आत कुठंतरी नेऊन ठेवली आणि सगळा जीव लावून म्हणाली, "सर्वाणी!"

ण असा बसला की स्पीकरनं शीळ घातली. श मात्र टाकीपाशीच राहिला होता.

मांडवात टाळ्या पडल्या. "एकदा परत घेऊ या का? रेकॉर्डिंग आहे," सत्यशीला हळूच म्हणाली.

"राहू दे," प्रियदर्शनी म्हणाली.

दगडाबाईनं सुनेचं तोंड वाचलं. त्यावर आनंद नव्हता. घर आलं म्हणून डोक्यावरचं ओझं उतरवणारं माणूस वेगळं दिसतं, आणि मान धरत नाही म्हणून वाटेतच उतरवणारं वेगळं. सून दुसऱ्या तऱ्हेची दिसत होती. पण ती शब्दाला जागली होती. दगडाबाईनं डोक्यात ते सुनेच्या नावे टिपून ठेवलं.

ऊन उतरल्यावर गावातली जीप स्टँडवर निघाली. बायडा मानाची साडी पिशवीत कोंबून जीपच्या मागच्या फळीवर बसली. लखन एकदाचा खांबापासून सुटला होता आणि बहिणीला घुगऱ्यांचा डबा देत होता. प्रियदर्शनी पोरीला घेऊन जीपपाशी आली.

"पुढच्या वक्ताला जरा सोपं बघ बाई," बायडा तिला म्हणाली. "आमच्या टोळीचा लई वेळ गेला."

सून हसली, अंगात जेवढं उरलं होतं तेवढं.

जीप वळणावर दिसेनाशी झाली. लखन विचारत होता, सतरंज्या मोजून कुठं ठेवायच्या. दगडाबाईनं त्याला उत्तर दिलं नाही. पुढच्या वक्ताला, बायडा म्हणाली होती. म्हणजे ती येणार होती. दगडाबाई ओसरीवर गेली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं भिंतीला पाठ टेकली.