गातो तो नर

नीन्के बोन्स्ट्रा आपल्या मार्गदर्शकांच्या खोलीत शिरली ती सही घेऊनच बाहेर पडायचं ठरवून. हातात एकच कागद होता, प्रबंधाला जोडायची दहा विधानं. पहिली नऊ गंभीर आणि दहावं गमतीचं, असा तिथल्या विद्यापीठाचा शिरस्ता. त्या कागदावर लामर्ट व्हेनेमांची सही झाली नाही तर प्रबंध छापायला जाणार नव्हता, आणि चार वर्षांचं काम कपाटात पडून राहणार होतं.

लामर्टनी कॉफी दिली, सोबत एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. मग चष्मा चढवून ते वाचू लागले. पहिल्याच ओळीवर थांबले.

ओळ अशी होती: "आमच्या नोंदवहीत नर म्हणजे गाताना सापडलेला पक्षी."

लामर्टचं सगळं नाव एका शोधावर उभं होतं. रॉबिन पक्ष्यात नराच्या मेंदूतला गाण्याचा भाग मादीच्या दुप्पट असतो, हे त्यांनी तीस वर्षांपूर्वी मांडलं आणि पुढे त्यावर कितीतरी जणांनी पदव्या मिळवल्या. आता रॉबिनमधला नर कोणता आणि मादी कोणती, हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. दोघांची छाती सारखीच तांबडी. मग पायात नंबराची कडी घातलेले हे पक्षी ओळखायचे कसे? तर गाईल तो नर आणि गप्प बसेल ती मादी. पुढे थंडीनं किंवा काचेवर आपटून ते मेले की त्यांच्या मेंदूचे काप काढायचे, मोजायचे, आणि नराचा गाण्याचा भाग मोठा निघाला म्हणून दवंडी पिटायची. म्हणजे भात खाणाऱ्यांना आधी एका पंगतीत बसवायचं आणि मग या पंगतीत भात फार खपतो, असा शोध लावायचा. शहाणी माणसं तीस वर्षं माना डोलवत होती.

नीन्केनं एवढंच केलं, की प्रत्येक कापासोबत जपून ठेवलेलं पीस डीएनए तपासणीला पाठवलं. चौऱ्याऐंशी नरांपैकी एकतीस माद्या निघाल्या. हिवाळ्यात आपल्या जागेचा तुकडा राखायला मादीही गाते, हे कुणी मनावरच घेतलं नव्हतं. मोजमाप नव्यानं लावल्यावर नर-मादीत फरक उरला, नाही असं नाही. पण दुप्पट कुठला, जेमतेम दहावा हिस्सा. खरा फरक होता तो गाणाऱ्यांत आणि न गाणाऱ्यांत.

हे दहावं करू या, असं लामर्टनी सुचवलं. दहाव्यावर लोक हसतात आणि विसरतात. नीन्के म्हणाली, म्हणूनच ते पहिलं आहे.

"मग 'आमच्या'च्या जागी 'हार्मच्या' लिही," लामर्ट म्हणाले. "अक्षर त्याचंच आहे. यात खोटं काय?"

हार्म म्हणजे सव्वीस वर्षं ती वही लिहिणारा मदतनीस. आता निवृत्त होऊन घरामागे भाजी लावत होता. नीन्केचं डोकंच फिरलं. मोठ्यांची चूक लहानाच्या माथी मारायला विद्वत्ता लागत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. गेल्याच आठवड्यात हार्मच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप पिताना तिनं जे ऐकलं होतं, ते जास्त कामाचं होतं.

"लामर्ट, एका डिसेंबरात हार्म तुमच्याकडे धावत आला होता. वसंतात अंड्यांवर बसलेली मादी कुंपणावर बसून गात होती. कडीवरचा नंबर त्यानं दोनदा वाचला होता. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

लामर्टना आठवत नव्हतं.

"'मग ती मादी नसेलच,' म्हणालात. त्यानं वहीत खोडून नर केलं."

लामर्टनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची कीवही आली तिला.

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय, नीन्के. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, याच्या विद्यार्थिनीनं याचीच चूक काढली आणि यानं त्यावर सही केली. असं कितीजणांना जमलंय?"

लामर्टनी पेन उचललं. 'आमच्या' खोडलं, त्याजागी 'व्हेनेमा यांच्या' लिहिलं आणि खाली सही ठोकली. मग डबा उघडून दुसरं बिस्किट पुढे केलं.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. काळ्या झग्यातले परीक्षक ओळीनं बसले होते, आणि पाऊण तास संपला की काठी आपटणारा दंडधारी दाराशी उभा होता. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एका बाईंनी पहिलं विधान मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे शास्त्र म्हणायचं, की मार्गदर्शकावर काढलेला राग?"

लोक हसले. लामर्ट उठून उभे राहिले. त्या वेळात मार्गदर्शकानं अवाक्षर काढायचं नसतं, म्हणून दंडधाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तिला नको," लामर्ट म्हणाले. "मला विचारा."

भर सभेत मार्गदर्शकाला 'अतिविद्वान महोदय' म्हणावं लागतं. नीन्केनं आठवडाभर त्याची घोकंपट्टी केली होती, पण आता ते तोंडात आलंच नाही.

"बसा, लामर्ट," ती म्हणाली. "विधान माझं आहे. उत्तर मीच देणार."

लामर्ट बसले.