बाराची तोफ

आजोबांनी काठी उगारली आणि न दिसणाऱ्या तोफेला बत्ती दिली.

“धडाम्! आणि शत्रूची फळी आडवी!”

उद्या नगरभवनात जुन्या घराण्यांचा सत्कार होता, आणि ही भाषणाची रंगीत तालीम चालली होती. आडनाव तोफवाले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात आजोबांच्या पणजोबांनी रणांगण गाजवलं असणारच. पुरावा मागायची घरात कुणाची टाप नव्हती.

नातीने मात्र नसता उद्योग केला होता. भाषणात दोन-चार तारखा असाव्यात म्हणून ती वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळायला गेली आणि एका बातमीची प्रत घेऊन आली. स्वयंपाकघरात आत्याने ती वाचून कपाळाला हात लावला.

“उद्याचा कार्यक्रम होऊ दे गं. या वयात बाबांच्या हातातली तोफ कशाला काढून घेतेस?”

“चारचौघांत दुसऱ्या कुणी काढून घेतली म्हणजे?”

नात ती प्रत घेऊन बाहेर आली. आजोबांचं तोंड उतरलेलं तिला बघवणार नव्हतं, म्हणून ती खिडकीकडे बघतच बोलली.

“आजोबा, तुमचे पणजोबा लढाईवर गेलेच नव्हते. टेकडीवरून रोज दुपारी बाराची तोफ उडवायचे, गावाला वेळ कळावी म्हणून. लोक तोफवाले म्हणायला लागले, तेच आडनाव झालं.”

आजोबा खुर्चीत बसले.

“तोफेत गोळा?”

“नाही. नुसती दारू, आवाजापुरती.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

आत्या पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकली.

“लहानपणी आईला विचारलं होतं,” आजोबा म्हणाले, “आपल्या तोफेनं मेले त्यांच्या घरी कोण रडलं असेल? तिनं पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून मी आपला धडाम् धडाम् ओरडतोय.” त्यांनी डोळे पुसले. “फार बरं वाटलं बघ.”

नातीचा जीव भांड्यात पडला.

“एक डाग आहे पण,” ती म्हणाली. “एकदा त्यांना डुलकी लागली आणि बाराची तोफ दोनला उडाली. शाळा सुटेना, कामं थांबेनात. अख्खं गाव उपाशी. ही बातमी त्याचीच आहे.”

आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. आत्याने पुढे केलेला पेला रिकामा करून त्यांनी नातीला कागद घ्यायला लावला.

“पहिलंच वाक्य लिही. मंडळी, आमच्या तोफेनं कुणाचं माणूस गेलं नाही. एकदा तेवढा जेवायला उशीर झाला, तो पोटात घाला.”